पिकते तेथे विकत का नाही?

कोल्हापूरला 'कलापूर' म्हणण्याची प्रथा आता इतकी रुळली आहे की, त्या शब्दामागे नेमका कोणता व्यवहार उभा आहे याची विचारपूस करणे कोणाच्याच मनात येत नाही. महादेव विश्वनाथ धुरंधर १८६७ साली याच शहरात जन्मले. आबालाल रहिमान यांनी रंकाळा आणि पंचगंगेचा घाट रंगवला तो येथेच. बाबूराव पेंटर यांनी कुंचला आणि कॅमेरा दोन्ही चालवले तेही येथेच. दळवीज आणि कलानिकेतन या संस्थांतून आजही दरवर्षी तरुण चित्रकार बाहेर पडतात. हे सारे निर्विवाद आहे. परंतु सुस्थितीतल्या कोल्हापुरी घराच्या बैठकीत, रोख पैसे मोजून घेतलेले कोल्हापुरी चित्रकाराचे चित्र किती ठिकाणी दिसते? बंगल्यावर पंधरा-वीस लाख सहज खर्च होतात, फरशी राजस्थानातून येते, झुंबर मुंबईहून येते. आणि भिंतीवर लागते ते फर्निचरच्या दुकानात सोफ्याबरोबर मिळालेले छापील निसर्गदृश्य. पिकते तेथे विकत नाही, ही म्हण उद्धृत करून हा प्रश्न टाळता येतो. पण का विकत नाही, हे मात्र त्या म्हणीत सांगितलेले नाही.

अर्थशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे तर, कोल्हापुरात कलेचा पुरवठा कधीच कमी पडला नाही. मागणीची सोय मात्र दर पिढीला नव्याने लावावी लागली. पहिली सोय दरबाराची होती. आबालाल जे. जे. कलाशाळेत शिकून परतले आणि शाहू महाराजांनी त्यांना आश्रय दिला. गिऱ्हाईक एकच; पण ते जाणते आणि उदार होते. ६ मे १९२२ रोजी महाराज निवर्तले आणि ते एकमेव गिऱ्हाईकही गेले. महाराजांच्या पश्चात आबालालांनी आपली चित्रे कोटीतीर्थ तलावात बुडवली, अशी आख्यायिका कोल्हापुरात सांगतात. तिच्यात खरे किती आणि सांगोवांगीचे किती, हा वाद बाजूला ठेवला तरी ज्या बाजारात एकच खरेदीदार असतो त्या बाजाराचे भवितव्य तिच्यात पुरेपूर उतरले आहे. १९३१ साली आबालाल वारले. १ मार्च १९४९ रोजी संस्थान विलीन झाले, आणि दरबाराचा अध्याय कागदोपत्रीही संपला.

दुसरी सोय रंगभूमीने आणि चित्रपटाने लावली. आनंदराव व बाबूराव या मेस्त्री बंधूंनी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवले. १९१८ साली बाबूरावांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आला. १९२४ च्या 'कल्याण खजिना'चे त्यांचे भित्तिचित्र भारतातील जुन्यात जुन्या चित्रपट-जाहिरातींत गणले जाते. याच परंपरेतून पुढे जी. कांबळे आले. 'मुगल-ए-आझम'ची (१९६०) पोस्टरे आणि मराठा मंदिरवरील सजावट हे त्यांचे काम. शासनाने अधिकृत म्हणून स्वीकारलेले छत्रपती शिवाजी महाराजांचे चित्रही त्यांचेच. ते महाराष्ट्रातील असंख्य कचेऱ्यांत टांगलेले आहे. मात्र त्या खुर्चीत बसणाऱ्या साहेबांना चित्रकाराचे नाव विचारून पाहावे. या साऱ्या काळात कोल्हापूरच्या चित्रकाराला काम भरपूर मिळाले, यात शंका नाही. परंतु एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. येथे चित्र विकले जात नव्हते; चित्राच्या जोरावर तिकीट विकले जात होते. तिकीट विकण्याची स्वस्त रीत निघताच चित्रकार निकालात निघाला. फ्लेक्सचे यंत्र आले आणि थोड्याच वर्षांत फलक रंगवणाऱ्यांच्या गल्ल्या ओस पडल्या.

तिसरी सोय सहकाराने आणि राजकारणाने लावली. साखर कारखाना, दूध संघ, बँक, शिक्षण संस्था यांच्या दिवाणखान्यात संस्थापकाचे तैलचित्र हवे आणि प्रांगणात पुतळा हवा. मूर्तिकारांची आणि ओतकामाच्या भट्ट्यांची चूल आजही बऱ्याच अंशी या मागणीवर पेटते. ही मागणी खोटी नाही. पण तिच्यात विषय ठरलेला, चेहरा ठरलेला, जयंतीची तारीख ठरलेली. चित्रकाराने स्वतःच्या मनाने, कोणी न सांगता रंगवलेल्या चित्राला गिऱ्हाईक मिळवून देणे ही चौथी सोय, आणि ती कोल्हापुराने अद्याप लावलेली नाही.

शाहू महाराजांच्याच कारकिर्दीतील दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे या प्रश्नाची मेख हाती येते. महाराजांनी कलेला आश्रय दिला. गुळाला मात्र पेठ दिली. १८९५ साली त्यांनी शाहूपुरीची व्यापारपेठ वसवली. तेथे माल आला, अडते आले, उघड्यावर सौदे सुरू झाले आणि आज काय भाव फुटला हे संध्याकाळी गावोगाव कळू लागले. आश्रय आश्रयदात्याबरोबर गेला. पेठ मात्र महाराजांच्या पश्चातही वाढत राहिली, संस्थान गेले तरी उरली, आणि 'कोल्हापुरी गूळ' हे नाव देशभर चालत राहिले. गुळाची चव हे त्याचे निम्मे कारण. उरलेले निम्मे कारण म्हणजे ठरलेली जागा, उघड भाव आणि मालाची पारख करणारा मध्यस्थ. चित्राच्या वाट्याला यांपैकी एकही गोष्ट आली नाही.

उघड भावाचेच पाहा. शाहू स्मारक भवनाच्या कलादालनात प्रदर्शन भरते. उद्घाटनाला मान्यवर येतात, दीप उजळतो, कोल्हापूरच्या कलापरंपरेवर भाषणे होतात, चित्रकाराला शाल आणि श्रीफळ मिळते. मात्र चित्राखाली किमतीची चिठ्ठी बहुधा नसते. किंमत लिहिणे हलकेपणाचे, अशी समजूत चित्रकाराचीही असते आणि पाहुण्यांचीही. ज्याला चित्र आवडले त्याने चित्रकाराला बाजूला घेऊन हळूच विचारायचे, चित्रकाराने त्याच्याकडे पाहून आकडा सांगायचा, आणि 'तुम्ही आपलेच आहात, काय द्यायचे ते द्या' यावर सौदा तुटायचा किंवा जमायचा. असल्या व्यवहारात भाव तयार होत नाही. विचारण्याचा संकोच वाटून पाचापैकी चार माणसे न विचारताच परततात. चित्र लाखाचे असेल अशी धास्ती त्यांना वाटते, आणि ते दहा हजारांचेही असू शकते हे त्यांना कळण्याचा मार्गच ठेवलेला नाही.

दुसरी अडचण अधिक नाजूक आहे. कोल्हापूरचे अनेक उत्तम चित्रकार चित्रांच्या विक्रीवर जगले नाहीत. कोणी चित्रकला शिक्षक होते, कोणी चित्रपटात कलादिग्दर्शक. चंद्रकांत मांढरे तर चित्रपटाचे नायक. त्यांनी आपले घर आणि आपली चित्रे शासनाला दिली. राजारामपुरीतील कलादालन हे त्या दातृत्वाचे फळ. हे वैभव शहराने अभिमानाने मिरवावे. पण ज्याचा पगार वेगळीकडून येतो त्याला चित्राची किंमत रंग आणि कॅनव्हासच्या खर्चाइतकी लावली तरी चालते, कित्येकदा चित्र भेट म्हणून दिले तरी चालते. ज्याला केवळ चित्रावर घर चालवायचे आहे, त्याची या दराशी स्पर्धा होते. नोकरदार चित्रकाराचा औदार्यभाव बिननोकरीच्या चित्रकाराच्या पोटावर येतो, हे बोलायला कडू असले तरी खरे आहे.

मग तरुण चित्रकार मुंबईकडे पाहतो. १९५२ साली उघडलेले जहांगीर कलादालन हे आजही त्याचे स्वप्न असते. तेथील तारखेसाठी वर्षानुवर्षे थांबण्याची त्याची तयारी असते. समजा, तो मुंबईतील एखादे दालन भाड्याने घेऊन वीस चित्रे मांडतो आणि प्रत्येकाची किंमत पंधरा हजार ठेवतो. चौकटी, वाहतूक, दालनाचे भाडे, पत्रिका, आठवडाभराचा मुक्काम मिळून एक लाख वीस हजार खर्च झाला असे धरू. म्हणजे पहिली आठ चित्रे विकली जाईपर्यंत रंगांचा आणि वर्षभराच्या श्रमाचा एक रुपयाही सुटत नाही. आणि पहिल्या प्रदर्शनात आठ चित्रे विकली जाणारा चित्रकार भाग्यवानच म्हणायचा. उरलेली चित्रे टेम्पोत घालून परत आणायची, तो खर्च निराळा. ज्याच्या घरात दोन-तीन वेळा हा तोटा सोसण्याची ऐपत आहे तोच या व्यवसायात टिकतो. गुणवत्तेपेक्षा भांडवल अधिक निवड करते, हा या व्यवस्थेचा खरा दोष आहे.

खासगी दालनामार्फत विकावे, तर विक्रीच्या किमतीचा तिसरा हिस्सा ते निम्मा हिस्सा दलालीत जातो. हा आकडा ऐकून चित्रकार संतापतो आणि गुळाच्या अडतीशी त्याची तुलना करतो. ती तुलना तितकीशी न्याय्य नाही. गुळाची ढेप आज आली तर आज विकली जाते; तिचा रंग आणि कणी पाहून कोणीही जाणकार तिची प्रत सांगतो. चित्र वर्षभर पडून राहते, आणि त्याची प्रत पटवून देण्यासाठी आधी गिऱ्हाईकच घडवावे लागते. हे गिऱ्हाईक घडवण्याचे काम जो दालनवाला खरोखर करतो, त्याची दलाली महाग नाही. जो केवळ भिंत आणि दिवा पुरवतो, त्याची दहा टक्केही महाग आहे. उलट बाजूनेही बोलले पाहिजे. दालनात चाळीस हजारांना ठेवलेले चित्र घरी आलेल्या परिचिताला वीस हजारांत देणारा चित्रकार आपलाच भाव आपल्या हाताने पाडतो, आणि पुढच्या खेपेला दालनवाला त्याला दारात उभे करत नाही.

अलीकडे इन्स्टाग्रामने दालनाची गरजच संपवली, असा एक समज पसरला आहे. मोबाइलवर चित्र हजारो लोक पाहतात हे खरे, आणि परगावची गिऱ्हाइके त्यातून मिळतात हेही खरे. परंतु तेथेही किंमत खासगी संदेशातच सांगितली जाते. म्हणजे जुना संकोच नव्या यंत्रात शिरला, इतकेच. शिवाय रंगाचा थर, चित्राचा आकार, कागदाचा पोत हातभर काचेवर कळत नाही. मोबाइलवर फार तर ओळख होते. स्वस्त छापील प्रती विकण्यास मात्र हे साधन उपयोगी आहे. राजा रविवर्म्याने १८९४ साली छापखाना काढला तो याच विचाराने. त्याची चित्रे त्या छापखान्यामुळे घराघरांत पोहोचली. छापखाना मात्र कर्जात बुडून एका जर्मन तंत्रज्ञाच्या हाती गेला. लोकप्रियता आणि नफा या दोन गोष्टी एकाच गाडीने येतात असे नाही, हे आपल्याकडे तेव्हाच दिसून आले होते.

या सगळ्यावर वर्तमानपत्रांतील लिलावांच्या बातम्या आणखी एक धुके पसरवतात. मार्च २०२५ मध्ये पंढरपुरात जन्मलेल्या हुसेन यांचे 'ग्रामयात्रा' न्यूयॉर्कमध्ये सुमारे ११८ कोटी रुपयांना विकले गेले. त्याच वर्षी सप्टेंबरात नागपुरात जन्मलेल्या गायतोंडे यांच्या चित्राला ६७ कोटींवर बोली लागली. हे आकडे वाचून चित्र म्हणजे गुंतवणूक, अशी भाषा येथील प्रदर्शनांतही ऐकू येते. ती भाषा चित्रकाराने तरी वापरू नये. विल्यम बॉमोल या अर्थशास्त्रज्ञाने १९८६ साली तीन शतकांतील चित्रविक्रीचे आकडे तपासले, तेव्हा महागाई वजा जाता चित्रांवरील परतावा वर्षाला अवघा ०.५५ टक्के निघाला. तोही नावाजलेल्या चित्रकारांच्या बाबतीत. निव्वळ नफ्यासाठी घ्यायचे तर पतसंस्थेची ठेव बरी. चित्र घ्यायचे ते रोज सकाळी पाहण्यासाठी, आणि ते तशाच वस्तूच्या भावात विकले गेले पाहिजे.

'ग्रामयात्रा'च्या बातमीत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. एका परदेशी डॉक्टराने हे चित्र १९५४ साली दिल्लीत नाममात्र किमतीला घेतले आणि पुढे ऑस्लोच्या रुग्णालयाला दिले. सत्तर वर्षांत किंमत कित्येक पटींनी वाढली. त्या वाढीतील वाटा चित्रकाराकडे किंवा त्याच्या वारसांकडे वळवणारा भारतीय कायदा न्यूयॉर्कमधील विक्रीला लागू होत नाही. असा कायदा आपल्याकडे आहे, हेच पुष्कळांना ठाऊक नसते. प्रतिलिप्यधिकार अधिनियम १९५७ मध्ये १९९४ च्या दुरुस्तीने ५३-अ हे कलम आले. मूळ चित्र किंवा शिल्प दहा हजारांहून अधिक किमतीला पुन्हा विकले गेले, तर निर्मात्याला अथवा त्याच्या वारसांना त्या किमतीत कमाल दहा टक्क्यांपर्यंत वाटा मिळू शकतो. वाटा ठरवायचा अधिकार आधी प्रतिलिप्यधिकार मंडळाकडे होता. तो फिरत फिरत २०२१ नंतर वाणिज्य न्यायालयांकडे आला. पाच हजारांच्या वाट्यासाठी न्यायालयाची पायरी कोण चढणार? फ्रान्सने हा हक्क १९२० साली दिला, ब्रिटनने २००६ साली. ब्रिटनमध्ये तो वसूल करून चित्रकाराच्या खात्यात भरणारी संस्था आहे. आपल्याकडे गीतकार-संगीतकारांसाठी अशी व्यवस्था झाली, चित्रकारांसाठी झाली नाही.

आणि हा हक्क त्यालाच आहे, जो कलम १७ प्रमाणे पहिला मालक ठरतो. येथे कोल्हापूरच्या चित्रकाराने कान टवकारावेत. कोणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन व्यक्तिचित्र रंगवले आणि लेखी करार केला नाही, तर त्या चित्राच्या प्रतिलिप्यधिकाराचा पहिला मालक पैसे देणारा ठरतो. उद्या त्याने ते दिनदर्शिकेवर छापले, पिशवीवर छापले, तरी चित्रकाराला बोलता येत नाही. म्हणजे कारखान्याच्या दिवाणखान्यासाठी तोंडी बोलीवर तैलचित्र करणारा चित्रकार एका होकारासरशी दोन्ही हक्क गमावतो. या पोटकलमात शिल्पाचा उल्लेख नाही, त्यामुळे खासगी कामात शिल्पकाराची बाजू थोडी बळकट राहते. शासनासाठी केलेल्या कामाचा नियम मात्र वेगळा आहे. एका साध्या कागदावर चार ओळींचा करार एवढाच यावरचा उपाय आहे आणि त्याला वकीलही लागत नाही. विकलेल्या प्रत्येक चित्राबरोबर नाव, साल, माध्यम, आकार आणि किंमत लिहिलेली सही-शिक्क्याची पावती दिली, तर पुढे खऱ्या-खोट्याचा वादही उरत नाही. नावाला काय किंमत असते, हे जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन प्रदर्शनात कोल्हापुरी चपलेसारखे पादत्राण बिननावाने झळकले तेव्हा या जिल्ह्याने अनुभवले आहे. २०१९ साली मिळालेले भौगोलिक मानांकन हाती होते, म्हणून कारागिरांना निदान बोलण्यासाठी पाया तरी होता.

कर हा या धंद्यातील मोठा अडसर असल्याची तक्रार होते. ती आता फारशी टिकत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून चित्रांवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. त्यातून, केवळ राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याची वार्षिक उलाढाल चाळीस लाखांच्या आत असेल तर सामान्यतः नोंदणीचीच गरज नसते. कोल्हापुरात त्या मर्यादेची चिंता करावी लागेल असे चित्रकार किती असतील, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

खरी उणीव मध्यमवर्गीय गिऱ्हाइकाची आहे, आणि ती भरून काढण्याचे साधन कोल्हापूरच्या प्रत्येक गल्लीत आहे. ते म्हणजे भिशी. प्राध्यापक, डॉक्टर, व्यापारी, कारखान्यातील अधिकारी अशा बारा कुटुंबांनी महिना हजार रुपये जमवले, तर दरमहा बारा हजारांचे एक चित्र घेता येते आणि वर्षअखेर प्रत्येक घरात एक चित्र लागते. चिठ्ठी काढायची ती क्रमासाठी; ज्याची चिठ्ठी निघाली त्याने स्वतः जाऊन आवडीचे चित्र निवडायचे. चित्रकाराच्या दृष्टीने बारा महिने बारा विक्र्या आधीच ठरलेल्या, हे त्याला एका मोठ्या बक्षिसापेक्षा मोलाचे आहे. ही कल्पना अगदीच नवी नव्हे. १८३७ साली लंडनमध्ये एक गिनी वर्गणीचे चित्रमंडळ निघाले होते. तेथे सोडतीत नशीबवानांनाच मूळ चित्र मिळे. भिशीत कोणी रिकाम्या हाताने जात नाही, एवढी कोल्हापूरची रीत सरस. इंग्लंडमध्ये २००४ पासून चित्रखरेदीसाठी बिनव्याजी हप्त्यांची योजना चालते. दुचाकीला, फ्रिजला, लग्नाला कर्ज देणाऱ्या येथील पतसंस्थांना चित्राच्या हप्त्याचा अर्ज आजवर कोणी दिला आहे काय?

जागेचा प्रश्नही वाटतो तितका अवघड नाही. टाऊन हॉलच्या बागेत 'रंगबहार' संस्थेची 'मैफल रंगसुरांची' भरते. चित्रकार आणि शिल्पकार लोकांच्या डोळ्यांसमोर काम करतात, बाजूला गाणे चालते, माणसे मुलाबाळांसह येतात. मागे संग्रहालयात आबालालांची चित्रे आहेत. शहरात चित्र पाहण्यासाठी इतकी माणसे स्वतःहून एका जागी जमण्याचा असा दुसरा प्रसंग क्वचितच सापडेल. त्याच बागेत, महापालिकेने नाममात्र भाडे घेऊन, महिन्यातून एका रविवारी चित्रांचा बाजार भरू द्यावा. अट एकच असावी: प्रत्येक चित्राखाली किंमत ठळक अक्षरांत लिहिलेली हवी, आणि त्या दिवशी कोणते चित्र कितीला गेले याची वही संध्याकाळी फाटकापाशी उघडी ठेवलेली हवी.